झालरीच्या आत

आई गेली त्याच आठवड्यात डेप्युटी जमिनीखाली उतरला. मी दवाखान्यातून तिचे कपडे पिशवीत भरून परत आले, तेव्हा तो अंगणात उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात मान पुढे काढून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं असं मी म्हणणार नाही. थोड्या वेळाने तो उठला, घराच्या झालरीत आईने कापून ठेवलेल्या छोट्या दारापाशी गेला, रबराची पट्टी डोक्याने ढकलली आणि आत शिरला. पट्टी जराशी हलत राहिली आणि मग थांबली. आई असती तर म्हणाली असती, "उतरला ड्यूटीवरून. आता एकदम मार्चमध्ये."

डेप्युटी हे आईचं कासव. वाळवंटातल्या जातीचं, मोठ्या परातीएवढं, मातीच्याच रंगाचं. आमच्या ओळीत राहणारे एक म्हातारे गृहस्थ वृद्धाश्रमात गेले तेव्हा जाताना आईच्या स्वाधीन करून गेले. त्यांच्याकडेही ते आणखी कुणाकडून तरी आलं होतं. अशी पाळलेली कासवं परत रानात सोडायला बंदी आहे; वन्यजीव खातं परवाना देतं आणि त्याची चकचकीत चिकटपट्टी पाठीवर लावतं. नाव आईने ठेवलं. आमच्या गावात पोलिसांना फोन केला की शेरीफचा डेप्युटी येतो, पण येतो आपल्या सवडीने. "याचंही तसंच आहे," आई म्हणायची. "हाक मारली की येतो. फक्त त्या दिवशी येईल असं नाही."

थ्री वेल्स पार्कातली सगळी घरं चाकांवर आलेली आहेत. कारखान्यात तयार झाली, ट्रकने ओढून आणली, आणि एकदा टेकली की सहसा पुन्हा हलत नाहीत. घर आपलं, खालची जागा पार्कची, भाड्याने. घराचा तळ आणि जमीन यांच्यामध्ये माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी राहते. ती झाकायला चारी बाजूंनी पत्रे ठोकतात, त्याला सगळे झालर म्हणतात. आई परकर म्हणायची. आईच्या झालरीचा रंग पिवळा होता, घरासारखाच, आणि डेप्युटीचं बीळ त्या झालरीच्या आत, तिच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली होतं.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी पार्कचा व्यवस्थापक गार्थ लूमिस त्याच्या गोल्फच्या गाडीतून आला. गाडी दारात लावून त्याने टोपी काढली.

"तुमच्या आईचं ऐकून फार वाईट वाटलं, मॅडम. बर्नाडीन म्हणजे पार्कातली एकच बाई, जी मला गाडी हळू चालव म्हणून ओरडायची. आणि ही गाडी पळून पळून किती पळणार."

"बसा ना," मी म्हटलं. शेजारच्या युफेमियाने नूडल्स आणि ट्यूनाचा मोठा ट्रे आणून दिला होता. त्यातलं मी त्याला वाढलं. त्याने खाल्लं. मग ताटली बाजूला ठेवून म्हणाला, "घर तुमच्या नावावर होईल, त्यात आमचा काही संबंध नाही. तुम्ही इथे राहायला येणार का?"

"येणार."

हे मी त्याच क्षणी ठरवलं. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. ते काम कुठल्याही टेबलावर होतं. शहरातली माझी खोली तशीही कुणी वाट पाहावी अशी नव्हती.

"मग जागेचा करार नव्याने करावा लागेल. कंपनी बदलली, नमुना बदलला. आणि ते कासव आता जायला हवं."

"आईला परवानगी होती."

"आईला होती. तिच्या नावाची होती ती. ती गेली, परवानगी गेली." स्वतःचं बोलणं त्याला ऐकू आलं असावं. त्याने टोपी उगाच हातात फिरवली. "मला असं म्हणायचं नव्हतं."

"तो झोपलाय, मिस्टर लूमिस."

"मग उठवा."

"तो दुपारची डुलकी काढत नाहीये. वसंतापर्यंत उठणार नाही."

"मॅडम, कासव आहे ते. उचललं की उचललं जातं." तो उठला. "डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीच्या मिसेस ऑर्डवे तपासणीला येणार आहेत. त्याआधी बीळ रिकामं पाहिजे. नाहीतर मला माणूस बोलावून खणून घ्यावं लागेल. जमीन आमची आहे, हे तर तुम्ही मान्य कराल."

जमीन त्यांची होती. ते मी मान्य केलं.

प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, थंडीत बाहेर काढलं की शरीर अर्धवट जागं होतं. पोटात अन्न नसतं, घातलं तर पचत नाही. छातीत कफ होतो आणि मग बहुतेक वेळा आपल्याला फार काही करता येत नाही. "झोपलाय तिथे झोपू दे," त्या म्हणाल्या. कासवं दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या बाईही तेच म्हणाल्या. मार्चनंतर केव्हाही घेऊन जाऊ, आत्ता हात लावणार नाही.

मग मी गावातल्या फुकट कायदेशीर सल्ला देणाऱ्या कचेरीत गेले. तिथली वकील माझ्यापेक्षा लहान होती आणि तिला सर्दी झाली होती. आमच्या राज्यात असा कायदा आहे, तिने सांगितलं, की ज्याचं घर स्वतःचं आणि जागा भाड्याची, त्याला पार्क एक पाळीव प्राणी नाकारू शकत नाही. मला हायसं वाटलं तेवढ्यात तिने नाक पुसून पुढे वाचलं. पाळीव प्राणी म्हणजे कुत्रा, मांजर, पक्षी, काचेच्या टाकीतला जलचर, किंवा दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरेल तो इतर प्राणी.

"कासव 'इतर' मध्ये," ती म्हणाली. "म्हणजे त्यांची संमती लागणार."

"आईला दिली होती."

"तोंडी?"

"तोंडी. जुन्या मालकांनी."

"मग भांडता येईल. पण कोर्टाला वेळ लागतो, आणि तोवर ते खणून मोकळे होतील." तिने कंपनीचा नवा नमुना चाळला. "हे बघा, इथे काय आहे. पाळीव प्राणी पूर्णपणे घराच्या आत राहिला पाहिजे. तुमचा तर जमिनीत आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्ही एक मांजर पाळा," ती म्हणाली, आणि लगेच, "सॉरी."

मी परत आले आणि नमुना घेऊन आईच्या टेबलाशी बसले. तिचा चष्मा तिथेच होता, तो मी हलवला नाही. माझं काम असं आहे की एखाद्या शब्दावर बोट ठेवून लेखकाला विचारायचं, इथे तुम्हाला नक्की काय म्हणायचंय. 'घराच्या आत' या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली. पुढे काही सुचलं नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीला कडक थंडी पडली. सकाळी मी कॉफीला पाणी घ्यायला गेले तर नळाला धार बारीक, आणि जमिनीखालून टपटप ऐकू येत होतं. बाहेर जाऊन पाहिलं. झालरीतल्या छोट्या दाराची रबराची पट्टी ओली होती आणि तिच्या कडेला बर्फाचा एक दात लोंबत होता. पाणी कुठे चाललं असेल ते कळायला वाकून पाहायची गरज नव्हती. जमिनीचा उतार बिळाकडे आहे.

मी पाणी बंद करायची चावी फिरवायला गेले तर ती गंजून घट्ट बसली होती. गार्थला फोन केला.

"मिस्टर लूमिस, पाइप फुटलाय. घराखाली."

"झालरीच्या आत का बाहेर?"

"आत."

"झालरीच्या आत तुमचं, बाहेर आमचं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पार्कात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस नाही. युफेमियाच्या घराखाली स्कंकने, त्या उग्र घाण वास सोडणाऱ्या प्राण्याने, पिल्लं घातली आणि सगळ्या ओळीला डोळे चोळत बाहेर यावं लागलं, तेव्हा गार्थने हेच सांगितलं. वेंडेलच्या घराखालची वायर जळाली तेव्हाही हेच. आई त्याची नक्कल करायची, एक अंगठा पट्ट्यात अडकवून, हनुवटी वर करून. थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीत मसाला भरताना ती टर्कीकडे बघून म्हणायची, आत तुमचं, बाहेर आमचं.

मी पलीकडच्या घरातून वेंडेलला उठवलं. वेंडेल स्ट्राउडने आयुष्यभर ट्रक चालवला. हत्यारं त्याच्याकडे सगळी आहेत. त्याने पाना आणून चावी फिरवली, पाणी बंद झालं, आणि झालरीचा एक पत्रा उचकटून आत टॉर्च मारला.

"न्हाणीघराखालचा सांधा," तो म्हणाला. "लोखंडी पट्टी आवळावी लागेल. मी गेलो असतो, पण मी आत शिरलो तर मला काढायला घर उचलावं लागेल."

"दे इकडे. मी जाते."

"आईसारखीच आहेस. तिनेही एकदा असंच—"

"वेंडेल, पट्टी."

मी पालथी पडून आत सरपटले. खाली जुना प्लास्टिकचा कागद अंथरलेला होता, त्यावर पाणी साचून पुढे एक ओहोळ झाला होता. वेंडेल बाहेरून सांगत होता आणि त्याच्या शेजारी युफेमिया येऊन उभी राहिल्याचं मला तिच्या चपलांवरून कळलं.

"मिहा, पोरी, कोळी आहेत का बघ. काळे. पोटावर लाल ठिपका असला तर हात लावू नकोस."

"अगं युफेमिया, ती आता कोळ्याचं पोट बघत बसणार का?" वेंडेल म्हणाला.

"तू गप रे. तू तुझं पोट बघितलं असतंस तर आज तिच्यावर ही वेळ आली नसती."

मी सांध्यावर पट्टी बसवून स्क्रू आवळला. मग ओहोळाच्या मागे गेले. पाणी बिळाच्या तोंडापासून हातभर अंतरावर येऊन थांबलं होतं, तिथे मातीत मुरत होतं. मी हाताने माती ओढून आडवा बांध घातला, थोपटला, आणखी ओढली. माझी नखं दुखायला लागली. मग टॉर्च बिळाच्या तोंडातून आत धरला. खूप खोलवर, मातीत, काहीतरी चमकलं. परवान्याची चिकटपट्टी. तेवढीच. ती हलत नव्हती, आणि हलत नव्हती हेच बरोबर होतं.

माझ्या डोक्यावर आईच्या खोलीची जमीन होती. ती पाय आपटायची ते याच फळ्यांवर. मार्च उजाडला की टाच मारून म्हणायची, "ए, शिफ्ट सुरू झाली." मी तिथे थोडा वेळ पडून राहिले.

"जिवंत आहेस का?" वेंडेलने विचारलं.

"आहे."

"आणि तो?"

"तो कोरडा आहे."

गार्थचं वाक्य मला तिथे पालथी पडूनच नीट ऐकू आलं. आत तुमचं. मी ते आयुष्यभर आईच्या तोंडून विनोद म्हणून ऐकलं होतं. माझ्या तोंडाशी पार्कची माती होती, पाठीशी आईचं घर होतं, आणि मी जिथे होते ती जागा कुणाची, हे पार्कच्या व्यवस्थापकाने स्वतः, मला विचारल्याशिवाय, सांगून टाकलं होतं.

मिसेस ऑर्डवे आल्या त्या दिवशी ऊन चांगलं होतं. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, पायात चालायचे बूट. हातातल्या टॅब्लेटवर त्या घरामागून घर तपासत आमच्या ओळीत आल्या. गार्थ मागे होता, आणि त्याच्या मागे फावडं घेतलेला एक माणूस. युफेमियाने आपल्या दारात खुर्ची टाकली होती. वेंडेल कुत्र्याला फिरवायला निघाला होता. त्याचं कुत्रं म्हातारं आहे, त्या दिवशी ते आमच्या कुंपणापाशीच फिरलं. ओळीतले आणखी काहीजण आपापल्या पायऱ्यांवर कॉफी घेऊन उभे होते.

"मिस हॅस्केट, तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं," मिसेस ऑर्डवे म्हणाल्या. "करार वाचलात?"

"वाचला. सही करायच्या आधी एक विचारायचंय. गेल्या आठवड्यात इथे पाइप फुटला. तो दुरुस्त कुणी करायचा?"

"कुठला पाइप?"

"घराखालचा."

गार्थने सुस्कारा सोडला. "मी सांगितलं होतं यांना. झालरीच्या आत—"

"तुमचं," वेंडेल म्हणाला.

"बाहेर आमचं," युफेमियाने खुर्चीतून पुरं केलं. पलीकडच्या पायरीवर कुणीतरी हसलं.

"बरोबर," गार्थ म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे झालरीच्या आतलं घराचा भाग," मी म्हटलं.

"अर्थात."

"युफेमियाकडे स्कंक आला तेव्हाही?"

"तेव्हाही. हे मी किती वेळा सांगायचं?"

"एवढंच पुरे," मी म्हटलं. "मग माझं कासव घराच्या आत आहे. त्याचं बीळ झालरीच्या आत आहे, झालरीपासून चांगलं लांब. या माणसाला फावडं घेऊन माझ्या घरात शिरायचं असेल तर मी परवानगी देत नाही."

गार्थ म्हणाला, "हे असं होत नाही. ती जमीन आहे. जमीन पार्कची."

"ठीक आहे. जमीन पार्कची असेल, तर जमिनीवर पडलेला पाइपही पार्कचा. वायर पार्कची. स्कंक पार्कचा. हे माझ्यापुरतं नाही. हे सगळे इथे उभे आहेत, त्यांचंही तेच." मी मिसेस ऑर्डवेंकडे वळले. "मला दोन्ही चालेल. फक्त एक काहीतरी ठरवा."

गार्थने तोंड उघडलं, पण मिसेस ऑर्डवेंनी हात वर केला. त्यांच्या डोळ्यांसमोरून किती घरांचे किती पाइप गेले ते मला माहीत नाही. त्यांची नजर ओळीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली एवढं मी पाहिलं.

"हे वाक्य आम्ही सगळ्या पार्कांत सांगतो," त्या शेवटी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुम्हाला काय हवंय?"

"करारात एक ओळ. कासवाला संमती."

"तुमच्या नावाने."

"नको. घराच्या नावाने."

"फरक काय?"

"आईच्या नावाची होती, ती तिच्याबरोबर गेली. त्याचं वय कुणाला नक्की माहीत नाही, पण अजून बरीच वर्षं आहेत त्याची. बहुधा माझ्याहून जास्त. माझ्यानंतर या घरात जो येईल त्याला दफनाच्या दुसऱ्या दिवशी हा विषय निघायला नको."

गार्थने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

मिसेस ऑर्डवेंनी टॅब्लेटवर काहीतरी लिहिलं. "लिहिते. पण नियम नियम आहे. प्राणी पूर्णपणे घराच्या आत. झालरीच्या बाहेर दिसला की संमती रद्द. गार्थ लक्ष ठेवेल."

"चालेल," मी म्हटलं.

फावडेवाला माणूस गेला. मिसेस ऑर्डवे पुढच्या घराकडे गेल्या. युफेमिया खुर्ची ओढत आमच्या अंगणात आली.

"चालेल काय म्हणालीस? मार्चमध्ये तो उठला की पहिल्यांदा उन्हात येणार. तेव्हा काय करशील? नियम वाचून दाखवशील?"

"माहीत नाही."

"घरात ठेवायचा म्हणजे तळघरातला कैदी करायचा का त्याला? तुझ्या आईने फुलं लावली ती कुणासाठी? जास्वंद मी खात नाही."

"युफेमिया, मला माहीत नाही. मार्च येऊ दे."

पण मला मार्च येऊ द्यायचा नव्हता. मी पुन्हा नमुना घेऊन बसले, या वेळी दुसऱ्या पानावर. तिथे घराला जोडलेल्या ओट्याबद्दल, जिन्याबद्दल, छपरीबद्दल लिहिलं होतं. घराला लागून असलेलं कुठलंही बांधकाम सलग झालरीने वेढलं पाहिजे, तसं वेढलं की ते घराचाच भाग धरलं जाईल. हे कलम भाड्यासाठी होतं. ओटा वाढवला की घर वाढलं, घर वाढलं की भाडं वाढलं. लिहिणाऱ्याच्या मनात कासव असण्याचं काही कारण नव्हतं. मी त्या ओळीखाली रेघ ओढली आणि वेंडेलला विचारलं, "तुझ्या मागचं घर ओढून नेलं, त्याची झालर कुठे पडली?"

"माझ्या शेडमागे. का?"

मी सांगितलं. तो इतका हसला की कुत्रं भुंकलं. मग डोळे पुसून म्हणाला, "किती उंच लागेल?"

"त्याला चढता येणार नाही एवढी."

"तो चढत नाही. खणतो."

"मग थोडी खालीही."

डिसेंबर आणि जानेवारी आम्ही त्यात घातले. आईच्या ओट्यापासून सुरू करून, फुलझाडांच्या बाहेरून, अंगणाला वळसा घालून पुन्हा घराच्या भिंतीला नेऊन भिडवायचं, असा मी आराखडा काढला. मी चर खणला, वेंडेलने खांब ठोकले, युफेमियाने आम्हाला मक्याच्या पानात उकडलेले तमाले खाऊ घातले आणि प्रत्येक पत्रा वाकडा आहे असं सांगितलं. दोनदा तिचं खरं निघालं. ख्रिसमसला मी आईच्या कपाटातला तिचा कामाचा कोट काढून अंगावर घातला, कारण माझा फाटला होता. खिशात खिळे होते. तिचेच. ते कामाला आले.

शेवटचा पत्रा बसवत होतो तेव्हा गोल्फच्या गाडीचा आवाज आला. गार्थ उतरला, अंगणाभोवती एक पूर्ण चक्कर मारली, पत्र्याच्या कडेवरून हात फिरवला, बुटाने खालची माती दाबून पाहिली.

"हे काय आहे?"

"झालर," मी म्हटलं.

"झालर घराला असते."

"घराला जोडलेली आहे. ओट्यापासून सलग. दुसरं पान, खालून तिसरं कलम."

"म्हणजे अंगण आता घर?"

"भाडं त्याप्रमाणे लावा. मी देईन."

वेंडेल हातोडी घेऊन आकाशाकडे बघत होता. युफेमिया बघत नव्हती असं दाखवतही नव्हती.

"रंग," गार्थ शेवटी म्हणाला.

"काय?"

"झालरीचा रंग घराशी जुळला पाहिजे. पहिलं पान. हे पांढरे पत्रे चालणार नाहीत."

आईच्या शेडमध्ये पिवळ्या रंगाचा डबा होता. वर साय धरली होती, खाली रंग चांगला होता. मी दोन हात दिले. उरलेला रंग पुरवून पुरवून वापरला आणि ओट्याच्या कोपऱ्यात थोडा कमी पडला. तो कोपरा अजून फिका आहे.

मार्च आला. वारा सुटला, मग थांबला. एका सकाळी मी मुद्रितं घेऊन आईच्या टेबलाशी बसले होते, तेव्हा पायाखाली काहीतरी घासलं. मी हात थांबवला. पुन्हा घासलं, जरा पुढे. मी टाच मारली नाही; तो तिचा निरोप होता, आणि त्याला त्याची गरज दिसत नव्हती.

मी ओट्यावर जाऊन बसले. पसरट ताटलीत पाणी ठेवलं होतं. रबराची पट्टी हलली, आणि आधी नाक, मग मान, मग मातीने माखलेली ती पाठ, चिकटपट्टीसकट. तो उन्हात आला आणि थांबला. मग ताटलीत तोंड बुडवून इतका वेळ पाणी प्यायला की मलाच स्वतःला श्वास घ्यायची आठवण करून द्यावी लागली. तहान भागल्यावर तो चालायला लागला. जास्वंदीपाशी गेला, पुढे गेला, नव्या झालरीला नाक लावलं, आणि तिच्या कडेकडेने, एक खांदा पत्र्याला घासत, सगळी हद्द तपासत निघाला.

युफेमियाने तिच्या खिडकीतून पाहिलं असावं, कारण थोड्या वेळात ती दारात होती, आणि तिच्यामागे गोल्फची गाडी. गार्थच्या हातात कराराची माझी प्रत होती, कंपनीकडून सही होऊन आलेली. ती त्याने झालरीवरून मला दिली. मी ती ओळ वाचली. घराच्या नावाने होती. शब्द त्यांचे होते, एक स्वल्पविराम जास्त होता, पण अर्थ बरोबर होता.

गार्थ पत्र्यावर हात टेकून खाली वाकला. पलीकडून खर्रखर्र आवाज येत होता.

"आत आहे ना?" त्याने विचारलं.

"आत आहे."

"मग तुमचं," तो म्हणाला, आणि गाडीत बसून निघून गेला. आमच्या ओळीच्या टोकापर्यंत त्याने ती हळू चालवली.